तपासणीला आलेली तुझी मुलगी

आये, घरात तुला मी हीच हाक मारायचे. नोकरी लागल्यावर चारचौघांत 'आई' म्हणायला लागले, आणि कचेरीत कुणी विचारलंच तर 'आई घरी असते' एवढंच सांगायचे. तू घरी कुठली असायला? गिरणीच्या फाटकासमोरच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात तू आया होतीस. सकाळी आठच्या आत फरशी पुसायचीस, औषधाच्या बाटल्या धुऊन डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचीस, आणि स्टोव्हवर पितळी भांड्यात सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवायचीस. तिथल्या पगारावर मी मॅट्रिक झाले आणि म्युन्सिपालटीच्या आरोग्य खात्यात कारकून म्हणून लागले. मला तिथे लागून तीनच महिने झाले होते. नोकरी कच्ची होती, आणि तुझ्याबद्दल मी सांगितलेलं खोटं तेवढं पक्कं झालं होतं.

दवाखान्यातलं सगळं मला ठाऊक होतं, कारण तू भाकरी थापताना रोज तेच बोलायचीस. "येकाला टोचली की तीच दुसऱ्याला. मदी नुसती गरम पान्यात बुचकाळाय लावत्यात. उकळाय ठिवते म्हणलं की, बाई लाईन बघा, म्हणत्यात." मी जेवता जेवता हं हं करायचे. डॉक्टर तसे वाईट नव्हते. गिरणीची पाळी सुटली की दारात पन्नास माणसं उभी असायची आणि त्यातल्या प्रत्येकाला सुई हवी असायची. सुई टोचली नाही तर औषध घेतल्यासारखंच वाटायचं नाही लोकांना. पण त्या उन्हाळ्यात सुईच्या जागी गळवं उठायला लागली आणि आमच्या खात्याकडे तक्रारी आल्या.

तपासणीला जायचं ठरलं, त्या दिवशी नेहमीचा कारकून रजेवर होता. अधिकारी साहेब म्हणाले, नोंद करायला तुम्ही चला. कुठल्या दवाखान्यात ते मी विचारलं नाही. जीप गिरणीकडे वळली तेव्हा मला कळलं. त्या दिवशी माझ्या अंगावर जी साडी होती तिला खळ तूच घातली होतीस.

साहेब भांड्याचं झाकण उचलून बघतात. पाणी कोमट आहे, तळाशी पांढरा थर बसलाय. तू कोपऱ्यात हात पुसत उभी आहेस आणि मला बघून तुझ्या चेहऱ्यावर हसू येतं, ते तू लगेच आवरतेस. साहेब विचारतात, "सुया कितीदा उकळता?" डॉक्टर म्हणतात, "प्रत्येक पेशंटनंतर. पण ही बाई अडाणी, शंभरदा सांगावं लागतं." यावर तू शांतपणे म्हणतेस, "न्हाय सायेब. सकाळी येकदाच उकळते. परत ठिवाय गेलं तर डॉक्टरच नगं म्हणत्यात." डॉक्टर जरा हसतात. साहेब दोघांकडे बघतात. त्यांना तुझं पटायला लागलेलं असावं असं मला आजही वाटतं, कारण ते माझ्याकडे वळून विचारतात, "तुम्ही याच भागात राहता ना? या बाईंना ओळखता का? खरं बोलतील अशा आहेत का?"

मी कागदाकडे बघत म्हटलं, "नाही साहेब. मी नाही ओळखत."

एवढंच. त्यानंतर तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. साहेबांना म्हणालीस, "डॉक्टर सांगत्यात तसंच लिवा. माज्याच ध्यानात ऱ्हात न्हाय." साहेबांनी मजकूर सांगितला: आयाच्या निष्काळजीपणामुळे सुया वेळोवेळी उकळल्या जात नाहीत, डॉक्टरांना समज देण्यात आली. तो मी लिहून घेतला. शेवटी साहेब म्हणाले, "बाईंचा अंगठा घ्या." मी स्टॅम्पपॅड उघडलं. तुझा अंगठा मीच धरला. भांड्याच्या चटक्यांनी त्याची कातडी जाड झालेली होती, पहिला ठसा नीट उमटेना, म्हणून मी तो पुन्हा धरून दाबला. तू हात सैल सोडला होतास, लहान पोरीच्या हातात द्यावा तसा.

संध्याकाळी घरी आले तर तू चुलीपुढे होतीस. शेंगांची चटणी वाढलीस. मग तू म्हणालीस, "लिवताना वर बघितलं न्हाईस तू. सायबाच्या ध्यानात आलं न्हाय न्हवं?" मी 'नाही' म्हटलं. "मग बरं झालं," म्हणालीस आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. आठवड्याच्या आत डॉक्टरांनी तुला काढून टाकलं. तू विड्या वळायला लागलीस. तुझ्या जागी दुसरी बाई आली, आणि सुया पूर्वीसारख्याच बुचकळल्या जात राहिल्या. खात्याच्या दृष्टीनं तर दोष दूर झाला होता.

दोनेक महिन्यांनी शेजारच्या मावशी ताप आला म्हणून तिथे सुई घेऊन आल्या. त्यांचा दंड सुजला, पिकला, सिव्हिलमध्ये नेऊन चिरावा लागला. पुढे कितीतरी दिवस त्यांना उजव्या हाताची बोटं वळवता येईनात. विडीकामाच्या बाईची बोटंच गेल्यावर राहतं काय? तू तुझ्या विड्या उरकून त्यांच्या ओट्यावर जायचीस आणि त्यांच्या वाटणीच्याही वळून द्यायचीस. मी एकदा चिडून म्हटलं, "तू कशाला मरतेस? तुझा काय गुन्हा?" तू पान कापत होतीस. कात्री थांबवून म्हणालीस, "मला वळखलं न्हाईस, त्याचं काय न्हाय. पोरीची नोकरी ऱ्हायली म्हणून मी गप बसले. पर सुई तर तुला ठावं हुती की. ती तरी सायबाला सांगायची हुतीस." आणि पुन्हा कापायला लागलीस. एवढं एकदाच बोललीस. मावशींना मात्र कधीच काही सांगितलं नाहीस. त्या शेवटपर्यंत मला 'आमची शिकलेली पोरगी' म्हणत राहिल्या.

माझी नोकरी पक्की झाली. तू गेलीस तेव्हा मी हेडक्लार्क होते. पुढे तो अहवाल मी दोनदा बाहेर काढून वाचला. साहेब बदलले होते, डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, चूक मान्य केली असती तर माझं कुणी काही वाकडं केलं नसतं. दोन्ही वेळा मी तो होता तिथे ठेवला. खालचा तुझा ठसा तेवढा बघितला. जरासा दुहेरी उमटलाय तो.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, आणि तू असतीस तरी मी दिलं असतं का, कोण जाणे. लिहायला बसले ती परवाच्या एका गोष्टीमुळे. रक्त तपासायला गेले होते. तिथल्या मुलीनं सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं तरी मी विचारलं, नवीनच आहे ना? ती हसली. "आजी, तुमच्या घरी कुणी या लाईनमध्ये होतं का?"

"माझी आई होती," मी म्हणाले.

"काय होत्या?"

मागे कुणीच ओळखीचं बसलेलं नव्हतं, आये. तरी मी नर्स म्हणून सांगितलं.