सही न करण्याचा ठराव

६ जानेवारी २०१४, सोमवार
आज मैदान मारलं. सेंट ओडिलिया वृद्धाश्रमाच्या मंडळापुढे मी, कर्मचारी विभागप्रमुख नॉर्बर्ट, वीस मिनिटं बोललो. सरकार म्हणतं, कर्मचाऱ्यांच्या विम्यात संततिनियमन हवंच; त्याला धार्मिक आक्षेप असेल तर एका फॉर्मवर सही करा, विमा कंपनी बायकांना ते परस्पर देईल. मी म्हटलं, मग आक्षेपाची सही म्हणजे परवानगीच की! आश्रमाच्या प्रमुख सिस्टर वॉलबर्गा म्हणाल्या, नॉर्बर्ट, तू वकीलच व्हायला हवं होतंस. सही नाही. दंडाला कोर्टाची स्थगिती आहेच.

१४ जानेवारी
माझ्या बायकोच्या, लोरनाच्या तांबीची मुदत संपली. डॉ. ओसगुडनी काढली. नवीन बसवायला विमा नाही. कारण : संस्थेचा आक्षेप. ही संस्था म्हणजे कोण रे, लोरनानं विचारलं. मंडळ, म्हटलं.
धाकट्याच्या वेळी तिचं हृदय बिघडलं होतं. चौथं मूल म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. त्यामुळे आमच्या घरात तांबी हे औषध. तत्त्वाचा प्रश्न वेगळा. लोरना म्हणाली, आपल्या पैशानं बसवू. मी म्हटलं, थांब, सिस्टरांकडून खास सूट आणतो.

२० जानेवारी
सिस्टर फार खुशीत होत्या. मूड घालवला नाही. उद्या नक्की.

२७ जानेवारी
सूट हवीच कशाला? चर्चमधून सुरक्षित दिवस ओळखायचा तापमानाचा तक्ता आणला. रोज पहाटे, उठण्याआधी, लोरनाच्या तोंडात थर्मामीटर. नोंदी मी ठेवणार. अकरा वर्षं ऐंशी जणांची हजेरी ठेवतोय, एका बायकोची काय कठीण?

९ फेब्रुवारी
चार दिवसांच्या नोंदी राहून गेल्या. सरासरी काढून भरले. आलेख देखणा झालाय.

१२ फेब्रुवारी
तापमान चढलं! चढून टिकलं की धोका टळला, असं पुस्तिकेत आहे. टिकेलच. धाकटाही तापलाय. थर्मामीटर एकच, कोणता आकडा कोणाचा याची थोडी गडबड झाली. पण चढलं हे नक्की.

५ मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळासाठी मी बिअर सोडली. लोरनानं कॉफी. वास सोसवत नाही म्हणे. घरात भक्ती वाढतेय.

७ मार्च, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले होते. त्यांच्यासोबतची बिअर मोजत नाहीत. लोरना ताट टाकून बाहेर पळाली.

१८ मार्च
चाचणीवर दोन रेघा. ओसगुडनी सगळं लोरनाशीच बोलून घेतलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

१९ मार्च
सिस्टरांनी मिठी मारली. म्हणाल्या, बघ, ठाम राहिलास त्याचं फळ. मी थँक्यू म्हटलं. काही वाटलं नाही. जेवलो.

२१ मार्च
लोरना भांडेल म्हणून सकाळपासून उत्तरं जुळवत होतो. भांडली नाही. मोज्यांच्या जोड्या लावता लावता तिनं विचारलं, तुमच्या योजनेत बायकोच्या आयुष्याचा विमा असतो ना? असतो, म्हटलं. मग वारस म्हणून मुलांची नावं घाल, म्हणाली, आणि ते मंडळावर सोपवू नकोस, तूच कर.
मला भीती वाटतेय.