माणक्याचं व्यक्तिचित्र

६ जाने. ५७, रविवार
सकाळी ठाकूरद्वारच्या तेलघाण्यावर. माणक्या जुंपलेला असतो तोवर डोळ्यांवर झापडं, त्यामुळे त्याचा चेहरा मिळतो तो फक्त पेंड खायला सोडतात तेव्हा. घाणेवाले गंगारामशेठ म्हणाले, "मास्तर, बैल तो बैल. रोज रोज काय नवीन बघता?" शिंगं आज जमली. डोळा नाही.

९ जाने.
शाळा सुटल्यावर प्रदर्शनाच्या कचेरीत. म्हटलं, माझं चित्र व्यक्तिचित्रांत घ्या. कारकून: "व्यक्ती कुठाय?" म्हटलं, माणक्या. हसला. "निसर्गचित्रांत टाका, नाहीतर संकीर्णात."
हल्ली बैल सगळेच काढतात. शिंगं, वशिंड, ताकद. कुणाचा बैल, नाव काय, वय काय, ते विचारायचं नाही. मला हा एकच बैल काढायचाय. भांडून आलो. व्यक्तिचित्रांतच देणार. २ फेब्रु. शेवटची तारीख.

१५ जाने.
चाचणीचे कागद तपासून मान मोडली. चित्र आता घरीच, आठवणीवर चालू. खोलीत तेलरंगाचा वास मावत नाही म्हणून वाळायला गॅलरीत ठेवलं. कुसुम म्हणाली, "नवऱ्याचं सोडून बैलाचं तोंड बघत चहा प्यायचा, एवढंच राहिलं होतं." आवडलंय तिला. मला कळतं.

१७ जाने.
आली का पंचाईत! संयुक्त महाराष्ट्र अडवून धरणाऱ्यांची निवडणुकीची निशाणी बैलजोडी. दिनूने समितीच्या प्रचारासाठी रात्रंदिवस खपून वाडीच्या भिंतींवर त्या बैलांची भुतं रंगवून ठेवलीत, आणि आमच्या गॅलरीत हा एवढा मोठा, देखणा. खाली पोरं ओरडत होती, "मास्तर फुटले! मास्तर फुटले!"
दिनू धापा टाकत वर. एका बाकावर बसून शिकलो आम्ही, त्यामुळे भीडभाड नाही. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? आत घे ते."
म्हटलं, एकच तर आहे, जोडी कुठाय?
"लोक मोजत बसणारेत काय!"
दोघंही हसलो. मग तो एकदम थांबला. "राधाकाकूंनी पाहिलं तर?"
राधाकाकू तळमजल्यावर. त्यांचा सुरेश गेल्या वर्षी ह्याच चळवळीत, गोळीबारात गेला. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे. चित्र आत घेतलं.

२० जाने., रविवार
उशीर झाला. काकूंनी पाहिलंय. कुसुम नळावर गेली तर त्या घागर अर्धीच उचलून निघून गेल्या.
संध्याकाळी मीच गेलो. तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, काकू, तो घाण्यावरचा बैल आहे हो, त्यात राजकारण काही नाही. "असेल." मग, ताटातून मान वर न करता, "तुम्ही काय काढायचं ते तुमचं तुम्ही बघा, मास्तर. फक्त ते माझ्या दारावरून नेऊ नका."
जिना एकच आहे. उतरला की समोर त्यांचंच दार.

२४ जाने.
दिनूचा तोडगा: गच्चीवरून दोर लावून खाली सोडू. म्हणजे सबंध वाडीला दर्शन. दुसरा तोडगा: काळा रंग फासून म्हैस कर. हाकलला त्याला.
रागही येतो. तीन महिने त्या घाण्यावर पेंडीचा वास घेत उभा राहिलोय. ह्यात माणक्याने काय कुणाचं घोडं मारलंय? आणि मी तरी? पण काकूंपुढे हे बोलायला तोंड नाही.
डोळा आज पुरा झाला. चांगला झालाय. लिहायला बरं वाटत नाही, पण आनंद झाला.

१ फेब्रु., शुक्रवार
काकू सकाळी देवळात जातात तेवढ्यात न्यायचं ठरवलं. चित्र चादरीत, दिनू पुढे, मी मागे. चोरासारखे. खाली पोचतो तर काकू दारातच बसलेल्या. देवळात गेल्याच नव्हत्या.
"चादर काढा."
काढली. पुष्कळ वेळ बघत होत्या. हात पुढे केला, लावला नाही.
"नाव काय ह्याचं?"
"माणक्या."
"थकलाय."
"हो. वय झालंय."
आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. सुरेशच्या ऑफिसातल्या सहलीचा ग्रुप. तो मागच्या रांगेत, नेमका हललेला. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुरकट.
"एवढाच आहे. बैलाचं एवढं केलंत, माझ्या सुऱ्याचं करा. मग न्या कुठे न्यायचं ते."
दिनू घाईघाईने, "करील की, काकू! न करायला काय झालं?"
मीही मान डोलावली. चित्र परत वर आणलं.

२ फेब्रु.
रजा टाकली. माणक्या भिंतीकडे तोंड करून. सकाळपासून कोऱ्या कागदापुढे बसलोय.
सुरेश ह्याच जिन्यावर लहानाचा मोठा झाला. रोज समोर यायचा, "येतो मास्तर" म्हणायचा. माझ्याच वर्गात होता. कपाळ काढलं, खोडलं. नाक कसं होतं? कुसुम म्हणते सरळ, दिनू म्हणतो बसकं. माणक्याच्या डाव्या पापणीखाली कातडीला दोन घड्या आहेत, वरची आखूड, ते डोळे मिटून काढून देईन. सुरेशचं काही म्हणजे काही आठवत नाही. मला भीती वाटतेय.
प्रदर्शनाची कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी आहे. दिनू दोनदा डोकावून गेला.
आत्ता कुसुम खालून काकूंचा निरोप घेऊन आली: "मास्तरांना म्हणावं, सावकाश होऊ दे. त्याचे कान तेवढे माझ्यासारखे होते."
काकूंचे कान मी कधी पाहिलेच नाहीत. डोक्यावर कायम पदर.
कागद घेऊन खाली चाललोय. पदर जरा मागे घ्या, हे काय शब्दांत म्हणायचं, ते काही सुचलेलं नाही.