शेजारी उभं राहणं

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘स्टँड बाय’ हे दोन शब्द कुठं छापलेले दिसले की मला हिंगोलीचा तो वर्ग दिसतो. निजामाचं राज्य होतं. इंग्रजीसुद्धा उर्दूतून शिकायची, आणि आमच्या डोक्यात एकही भाषा धड शिरत नव्हती. मग तुम्ही दार लोटून घ्यायचात आणि मराठीत सांगायचात, “एखाद्यावर वेळ आली तर त्याला एकटं सोडायचं न्हाई. त्याच्या बाजूला उभं राहायचं, त्याला म्हणतेत स्टँड बाय.” नुसता अर्थ सांगून तुमचं भागत नसे. वर्गात कुणाला शिक्षा म्हणून उभं केलं की शेजारच्यानं आपण होऊन उठायचं, ही तुमचीच रीत. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली की शिक्षेचीही मजा वाटू लागली.

मग तपासणीला तो साहेब आला. जागोजागी सत्याग्रह चालले होते, चार माणसं एकत्र दिसली तरी अंमलदारांना बंडाचा वास यायचा. पुस्तक उघडून त्यानं माझ्या बाकावरच्या, नरसी गावाहून येणाऱ्या पोराला याच शब्दांचा अर्थ विचारला. बिचाऱ्यानं अर्थ बरोबर सांगितला, पण मराठीत. “खडे रहो,” साहेब म्हणाला. तो उभा राहिला. मी उठलो, माझ्या मागचा उठला, आणि बघता बघता सगळा वर्ग उभा. तुम्ही हातानं खाली बसा, खाली बसा करताय, चेहरा पांढराफटक पडलाय, आणि आम्हाला वाटतंय, आज गुरुजींची मान उंच होणार. “ये बगावत किसने सिखाई?” साहेबानं विचारलं. तुम्ही म्हणालात, “मैंने.”

नोकरी गेली. घरी अंथरुणाला खिळलेली आई, दुसरं कमावणारं कुणी नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. स्टेशनवर तुम्ही तिला पाठीवर घेऊन डब्यात चढलात, आम्ही वळकटी चढवली. दुसरं काय करणार होतो? मी रडत म्हणालो, “आमच्यापायी झालं, गुरुजी.” तुम्ही म्हणालात, “न्हाई रे लेकरा, तुमी बराबर केलं.” त्यापेक्षा एक थोबाडीत मारायची होती. ती शाबासकी मला अजून पेलत नाही. पुढं परमुलखात एका जिनिंगमध्ये कापूस तोलता तोलता तुम्ही गेलात, एवढंच कळलं.

हे पत्र धाडणार कुठं, फडताळातच राहील. तरी एक सांगतो. त्यानंतर कुणावर वेळ आली की मला पटकन उठवत नाही. आधी त्याच्या तोंडाकडं बघतो, आपल्या उठण्यानं याचं काही वाईट तर होणार नाही ना. तोवर सगळं उरकलेलं असतं, आणि तो माणूस एकटाच राहिलेला असतो.