काळी पट्टी

प्रिय दादा,

आईच्या एका ओरडण्यापायी तू पियानो सोडलास. भांडी घासता घासता ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "काळी पट्टी, काळी!" आणि तू झाकण आपटून बाहेर पडायचास. मी मात्र अडकले. "आधी सूर बरोबर लाव, जीव मग ओत," हे तिचं पालुपद ऐकतच म्हातारी व्हायला आले.

परवा तीच जुनी धून वाजवताना माझं बोट घसरलं. काळीऐवजी पांढरी पट्टी दाबली गेली, पण आतून काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, नळ चालू असेल. तरी मनात धास्ती बसली.

म्हणून आज तिला शेजारी बसवलं आणि मुद्दाम चुकले. पुन्हा चुकले. मग अख्खी ओळ वाटेल तशी बडवली. ती मात्र डोळे मिटून मान डोलावत होती.

"काय जीव ओतून वाजवता हो तुम्ही," ती म्हणाली.

जन्मभर या कौतुकासाठी झुरले, दादा. ते मिळालं तेव्हा पट्ट्यांवरचे हात उचलवेनात.

"कोणाकडे शिकलात?"

"आईकडे."

"भाग्यवान आहात. एकदा भेटवा मला त्यांना."

सकाळीच तिने मला नावाने हाक मारली होती रे.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस की तू लगेच तिला फोन करशील, आणि ती तुलाही 'तुम्ही' म्हणाली तर?

तुझी,
धाकटी