तुमच्या भावाने नाकारलेलं काम

बुकित पंजांग, सिंगापूर
१७ ऑगस्ट २००५

ती. मीराताईंना,
एकताचा जय भीम. मीनलचाही, ती शाळेत आहे पण गृहीत धरून लिहिते.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर बघूनच कळलं की डोळ्याचं ऑपरेशन अजून लांबणीवर टाकलंय. अख्ख्या अकोल्याच्या तब्येतीची चौकशी करता आणि स्वतःचं विचारलं की विषय बदलता. हा गुण तुमच्या घराण्यातच आहे, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी खात्रीने सांगू शकते. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितेय. हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा, शेजारच्या पोरीला वाचायला देऊ नका.

इकडे सगळे बरे आहोत. मीनल माझ्यापेक्षा उंच झाली आणि तेवढ्यावरून तिला आपण शहाणे झालो असं वाटतं. राष्ट्रीय दिनाचे झेंडे अजून गॅलऱ्यांना लटकताहेत. शिवाय हा चिनी लोकांचा पितरांचा महिना. संध्याकाळी ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळाशी, पत्र्याच्या डब्यांत खोट्या नोटा जाळतात, संत्री ठेवतात, तांदूळ शिंपडतात. पूर्वी मला ते बघायला आवडायचं. आता वाटतं, यांच्या पितरांना थोड्या कमी राखेत पोचत नाही का? पाऊस पडून राख भिजली की सिमेंटला अशी धरते की घासून घासून जीव जातो. असो.

रत्नदीपला नोकरी लागली का, असं तुम्ही विचारलंय. तो तुम्हाला फोनवर "बोलणी चालू आहेत" सांगतो, तेच मलाही सांगतो. कुणाशी चालू आहेत ते दोघींनाही ठाऊक नाही. हार्ड डिस्कची कंपनी थायलंडला गेली त्याला वर्ष होऊन गेलं. अजून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी इंजिनिअर कुणालाच नको असतो, ताई. परदेशातून तिशीची पोरं येतात, अर्ध्या पगारात.

आता जे त्याने तुम्हाला सांगितलं नाही ते सांगते.

इथे बेकारांना सरसकट भत्ता वगैरे नाही. पण आम्ही इथले नागरिक झालो, म्हणून आमच्या भागातल्या मदतकेंद्रातून विजेच्या बिलाला, फ्लॅटच्या हप्त्याला हातभार मिळत होता. नोकरीसाठी अर्ज केल्याचे पुरावे दाखवले की काम भागायचं. यंदा त्यांचे नियम बदलले. आता केंद्र जे काम सुचवेल ते घ्यायचं. नाही म्हटलं की मदत बंद, आणि पुन्हा त्यांच्याकडे जायचं तर पुष्कळ दिवस थांबायचं. नियम वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. हातपाय धड असलेल्या माणसाने काम करावं, यात चूक काय? आपणही पोरांना हेच सांगतो.

मी त्याच्याबरोबर गेले होते. तिथल्या मिस टान म्हणजे मीनलपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी पोरगी. स्वभावाने चांगली. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "अंकल, क्लीनर जॉब हॅव. क्वीन्सटाउन साइड, हाफ डे. कॅन स्टार्ट मंडे."

रत्नदीपने विचारलं, "व्हॉट क्लीनर?"

"ब्लॉक क्लीनर, लाह. स्वीप कॉरिडॉर, स्टेअरकेस, ब्लॉकखालचं सगळं," असं काहीसं ती म्हणाली, बोलण्यात इथल्यांचा तो 'लाह' घालत. मला पुढचं ऐकू आलं नाही, कारण मी याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो म्हणाला, सिक्युरिटी द्या, पॅकिंग द्या, गोदामात ओझी उचलायला द्या, हे नको. ती म्हणाली, आत्ता दुसरं नाही. मग बिचारीने स्वतःच वाट काढून दिली. "यू गॉट बॅक पेन, इज इट? मेडिकल रीझन कॅन."

पाठदुखी आहे एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तुम्ही वाढवलेला माणूस, खोटं कसं बोलणार? तो म्हणाला, "माय सिस्टर डिड धिस जॉब ऑल हर लाइफ, सो दॅट आय डोन्ट हॅव टू."

मिस टान हसली. म्हणाली, "देन युअर सिस्टर शुअर अंडरस्टँड, व्हॉट. नो शेम वन, अंकल. माय ग्रँडमदर ऑल्सो क्लीनर."

आता तिला काय काय सांगणार, ताई? गावकुसाबाहेरचं सांगायचं, की अकोल्याच्या नगरपालिकेत वडिलांच्या जागेवर झाडू मुलीच्या हातात कसा येतो ते सांगायचं? बाहेर रांग लागली होती. त्याने मान हलवली, तिने 'नाकारलं' म्हणून कॉम्प्युटरमध्ये टाकलं, आणि आम्ही खाली येऊन बसची वाट बघत उभे राहिलो. मला त्याचा राग आला नाही, खरंच सांगते. उलट अभिमान वाटला. घरी पोचेपर्यंत टिकला तो.

---

१९ ऑगस्ट

पत्र दोन दिवस तसंच राहिलं. टाकून द्यावं असंही वाटलं. पण तुम्ही लिहिलंय, "सविताचं लेकरू सांभाळतेस ते बरं झालं, मन रमतं." हे वाचल्यापासून घास गोड लागत नाही.

ताई, मी कुणाचं लेकरू सांभाळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी एकटी मिस टानकडे गेले आणि तेच काम मागून घेतलं. तिने एकदाही विचारलं नाही, नवऱ्याने नको म्हटलेलं तुला कसं चालतं? ते काम तर तसंही कुणालातरी द्यायचंच होतं. माझी मैत्रीण सविता क्वीन्सटाउनलाच राहते, म्हणून तिच्या बाळाचं नाव पुढे केलं. ती माझ्यासाठी खोटं बोलते आणि प्रत्येक वेळी तोंड पाडते.

तुम्हाला वाटेल, हिची मती फिरली. माझ्या माहेरी दोन पिढ्या मास्तर. आमच्याकडे झाडू सोडण्याची शपथ मला कुणी घातलीच नाही, कारण तशी वेळ येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून मला सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं नाही गेलं. पहिल्या दिवशी मी लांब दांड्याचा झाडू घेऊन जिन्यात उभी होते आणि मला रडूच आवरेना. एक म्हातारी दार उघडून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली देऊन आत गेली. इथे कुणी विटाळ मानत नाही. मग मी नेमकी कशासाठी रडत होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तुमच्या मनगटाला ती गाठ का आहे, ते मात्र कळलं. इतकी वर्षं तुम्ही भाकरी थापताना मी ती बघत आले आणि कधी विचारलं नाही.

मीनल जवळ आली की म्हणते, "ममी, यू स्मेल लाइक डेटॉल, लाह." मी म्हणते, बाळाचे कपडे धुते ना.

आता मुख्य गोष्ट. दहा-बारा दिवसांपूर्वी रत्नदीप क्वीन्सटाउनजवळच अलेक्झांड्राला एका ऑफिसात मुलाखतीला गेला होता. तिथून परतताना तो मी झाडते त्या ब्लॉकखालून आला. मी खांबाजवळ राख भरत होते, डोक्यावर कंत्राटदाराची टोपी. मान वर केली तर तो समोर. फार लांब नाही, आपल्या अंगणातून विहिरीपर्यंत असेल तेवढ्यावर. त्याने मला बघितलं. माझ्या हातात काय आहे तेही बघितलं. मला वाटलं, आता हा येईल, चिडेल, हातातून हिसकावून घेईल. तो हातातली फाइल बगलेत धरून तसाच बस स्टॉपकडे निघून गेला.

जेवायला बसलो तेव्हा त्याने भाताचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, "सविताचं बाळ रांगायला लागलं का गं?"

मी म्हटलं, "धरून उभं राहतं."

"लवकरच की," तो म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली.

तेव्हापासून ते बाळ आम्ही दोघं मिळून वाढवतोय. त्याला दात आले, त्याला ताप येऊन गेला. रत्नदीप रोज आठवणीने विचारतो.

एवढंही मी गिळलं असतं. पण गेल्या रविवारी सेरंगूनला निशिकांत भावजींकडे बुद्धवंदना होती. पुण्याहून नवीन दोन मुलं आली होती. त्यांना रत्नदीपने तुमच्या निवृत्तीची गोष्ट सांगितली, नेहमी सांगतो तशी. ऑफिसने विचारलं, सफाईच्या जागेवर घरातलं कोण लावायचं, वारसाचं नाव द्या. आणि तुम्ही भर समारंभात म्हणालात, "वारस नाही. आमच्या घरातला झाडू माझ्या हातात संपला." पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा आवाज जराही कापला नाही. मी आत पोहे परतत होते. सगळं ऐकू येत होतं हे त्यालाही माहीत होतं.

मला खूप लागलं, ताई. तुमचा राग आला, हेही लिहून टाकते.

तुम्ही शब्द मागे घ्या असं मी म्हणत नाही. त्याने झाडू धरावा असं मला आजही वाटत नाही. त्या माणसाच्या हातात तो बघणं मला जमणार नाही. पण तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा मी या घराची सून होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, टाळ्या वाजवत. त्या घरात तुम्ही मला धरलं होतं का? की तुमच्या आधी वडील, मग तुम्ही, मग मी, आणि संपला तो फक्त रत्नदीपपुरता?

याचं उत्तर मला पत्राने नको. रविवारी फोन कराल तेव्हा आधी त्याला द्यायला सांगा. आणि एवढंच म्हणा, "एकता झाडते, मला माहीत आहे." पुढे काही बोलू नका, समजावू नका, रागावूही नका. तो तुमच्यासमोर खोटं बोलत नाही. फोन ठेवल्यावर निदान एकदा माझ्याकडे बघेल.

तुमच्या भावाची बायको, आणि तुमच्यानंतरची झाडूवाली,
एकता