एक दिवस डावीकडे

सोमवार, ३
आले एकदाची आत्याच्या घरी! मांडीपासून खाली प्लास्टर, तरी स्वारी खुशीत. खिडकीपाशी पलंग, हाताशी कुबड्या. नवरा जहाजावर, तो परतेपर्यंत दीड महिना मुक्काम इथेच. आत्या निवृत्त नर्स, त्यामुळे डॉक्टरही निर्धास्त. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज सकाळी पोटात रक्त पातळ करणारं एक इंजेक्शन, तेही माझं मीच टोचायचं. बेंबीपासून चार बोटं लांब, कातडी चिमटीत धरून. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. नंतर चोळायचं नाही. पहिल्यांदा सुई तीनदा मागे घेतली. आत्या म्हणाली, शाळेत अख्खा वर्ग तुला टरकतो आणि तू एवढ्याशा सुईला?

गुरुवार, ६
हात बसला. आज आत्याने आतेभावाचा विषय काढला. त्याचाही पाय असाच मोडला होता. याच पलंगावर गाठ पायातून छातीत चढली. त्याला ही इंजेक्शनं कुणी लिहूनच दिली नव्हती. बोलताना ती माझ्या धड पायाची पोटरी चाचपत राहिली. बराच वेळ.

रविवार, ९
दात घासताना तोंडभर रक्त. पोटावर सुईचे सात डाग हवेत. अकरा आहेत. आत्या म्हणते, निळं पसरतं गं, वेडाबाई. दुपारी दूध प्यायले की अशी झोप लागते, की तिने हलवल्याशिवाय जाग येत नाही.

मंगळवार, ११
आज दूध खिडकीबाहेर ओतलं आणि डोळे मिटून पडले. ती आली. अलगद गाऊन वर केला. चिमूट. सुई. मी किंचाळले, तर तीच रडायला लागली. म्हणाली, एकाने भागत नाही, गाठ लबाड असते. पोरगा गेला, तुला नाही जाऊ देणार.

बुधवार
फोन नाही. कुबड्या नाहीत. डॉक्टरांना बोलाव म्हणून हातापाया पडले. म्हणाली, त्यांनीच तर मुलाला घालवलं. नाकातलं रक्त थांबत नाही. खिडकीतून पोस्टमनला हाका मारल्या — तिने त्याला सांगितलं, ताप डोक्यात गेलाय. तो मान हलवून गेला.

गुरुवार
लघवी लाल. डोकं फुटतंय. अक्षरं दोन-दोन दिसतात. खिडकीला आता बाहेरून फळ्या —

शुक्रवार?
सरपटत दारापर्यंत गेले. बाहेरून कडी. पलीकडून ती समजावते, पोटावर जागा उरली नाही, आता दंडात घेऊ, शहाणी ना तू —

वही गादीखाली ठेवतेय. जहाजावरून आलास की तुलाच सापडू दे. आत्यावर राग धरू नकोस, ती मायेपोटी —
नाही. धर. राग धर. मला जगायचं होतं, मी एकही दिवस चुकवला नव्ह—

कडी. दोन्ही हातांत तिच्या