अठरावी चिठ्ठी

लातूर, मंगळवार

ती. किशनमामांना सुकन्याचा नमस्कार. मामींचा खोकला आणि तुमचं बोट, दोन्ही बरं असावं. (बोट तुम्ही दाखवलंच नाहीत, रागानं उठून गेलात, म्हणून अंदाजानं लिहिते.)

मी मजेत आहे. दवाखान्यात रोज गावाकडचं कुणी ना कुणी भेटतं, कारण इकडे निघणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही त्याचं नाव घालून माझ्यासाठी चिठ्ठी देता : 'आपलंच माणूस आहे. आधी बघणे.' शुक्रवारी ड्रेसिंगच्या रांगेत सतरा जणांकडे तुमची चिठ्ठी होती. अठरावे तुम्ही, आणि सवयीनं म्हणा, स्वतःसाठीही एक लिहून आणलेली. (ती मी जपून ठेवली आहे.) वशिला सगळ्यांचा सारखाच, त्यामुळे मला सोपं गेलं. आलात त्या क्रमानं बसवलं.

गंगम्मा तेवढी फाटकाबाहेर बसली होती, सकाळपासून. पलीकडच्या वस्तीतली, तुमच्या उसात खुरपायला येते ती. आत का येत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "चिठ्ठी न्हाई, बाई. पाटलाच्या दारात मागाया कसं जावं?" साखरेचा आजार, पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. तिला सगळ्यांच्या आधी घेतलं. तेव्हा तुम्ही रांगेतून विचारलंत, "सुकन्ये, ती कोणाचं माणूस हाय?"

नर्सिंगला आम्हाला यावर अख्खा धडा होता, सामाजिक न्यायाचा, पाच गुणांना. मला पाचही मिळाले होते. ऐनवेळी त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "मामा, तिचा अंगठा जायला लागलाय." तुम्ही चपला घालून निघून गेलात. (एक चप्पल रांगेत तुमच्या पुढे असलेल्या रेवणप्पांची होती. ते तुमची घालून फिरतायत.)

राग धरू नये. पंचमीला येईन. मामींना धपाटे करायला सांगा.

तुमची भाची,
सुकन्या

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलं. गंगम्माला काल पट्टीला बोलावलं होतं, आली नाही. पाटलाच्या आधी गेले, आता कोणत्या तोंडानं येऊ, असा तिचा निरोप आला. आणखी उशीर झाला तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल. रेवणप्पा आज पट्टी बदलायला आलेत, पत्र त्यांच्याच हाती देते. उद्या सकाळी तिला तुमच्या जीपमधून घेऊन या. तुमचं बोटही बघून होईल, तिच्यानंतर.

पुन्हा ता. क. चिठ्ठीशिवाय ती जीपमध्ये बसायची नाही. म्हणून तुमची चिठ्ठी पाकिटातून परत पाठवते. मजकूर तोच राहू द्या. नाव तेवढं बदला.